आमच्या गावचा पाऊस कुठून येतो?

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. माझी अकरा वर्षांची नात भूगोलाचा गृहपाठ घेऊन माझ्याकडे आली. गृहपाठाचे दोन भाग होते. पहिला, घराच्या मागच्या अंगणात प्लास्टिकची बाटली कापून ठेवायची आणि दोन आठवडे रोज पाऊस मोजायचा. दुसरा, ओळखीच्या दोन ठिकाणांच्या वर्षभराच्या पावसाची तुलना करायची. "एक लंडन," ती म्हणाली, "आणि दुसरं तुमचं गाव, आजोबा."

मी आकडे सांगितले. लंडनला वर्षाला सुमारे सहाशे मिलिमीटर. माझं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, दहिवडीजवळ. तिथे पाचशेच्या आतबाहेर. तिने दोन्ही आकडे वहीत लिहिले, थोडा वेळ पेन्सिल चावली आणि म्हणाली, "मग तुम्ही सारखं दुष्काळ दुष्काळ का म्हणता? जवळजवळ सेमच आहे की!"

मंडळी, खरं सांगतो, चाळीसएक वर्षं या देशात राहून माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. गृहपाठ तिचा होता, पण अभ्यास मलाच करावा लागला. त्या अभ्यासाचा हा लेख.

तिच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर सोपं आहे. लंडनचा पाऊस वर्षभर वाटून, शंभराहून अधिक दिवस थोडा थोडा पडतो. ऊन बेताचं, त्यामुळे पडलेलं पाणी लगेच उडून जात नाही. आमच्या माणदेशात पावसाचे दिवस मोजले तर जेमतेम महिना-सव्वा महिना भरतो. तेही जून ते ऑक्टोबर या काळात विखुरलेले, आणि त्यातल्या त्यात भरवसा उत्तरा-हस्ताच्या पावसावर, म्हणजे सप्टेंबर उलटताना. बाकीचे महिने आभाळ कोरडं आणि उन्हाळा चाळीस अंशांचा. लंडनचा पाऊस महिन्याच्या पगारासारखा येतो, आमचा लॉटरीसारखा.

घाटमाथा आणि माणदेश

दुसरं उत्तर आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. पावसाळी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि सह्याद्रीला अडतात. अडलेली हवा डोंगर चढू लागते. वर हवेचा दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते आणि गार होते. गार हवेत बाष्प मावत नाही. त्याचे ढग होतात आणि पाऊस कोसळतो. याला आपल्या पुस्तकात प्रतिरोध पर्जन्य म्हटलं होतं. डोंगर ओलांडून हीच हवा पलीकडे उतरते तेव्हा उलटं घडतं. ती दाबली जाते, तापते आणि ढग विरायला लागतात. हा झाला पर्जन्यछायेचा प्रदेश.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईला आलात की तो हजाराच्याही आत येतो. आणखी पूर्वेला दहिवडीला पाचशे. महाबळेश्वर ते दहिवडी हे सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. लहानपणी शिखर शिंगणापूरच्या डोंगरावरून पश्चिमेकडे काळे ढग दिसायचे. ते आमच्याकडे येता येता पांढरे होऊन जायचे.

पण इथे एक अडचण आहे. सह्याद्री तर दरवर्षी तिथेच असतो. मग एखाद्या वर्षी पाऊस येतो आणि एखाद्या वर्षी फिरकतही नाही, असं का? हा प्रश्न मी सर्वांत आधी आमच्या तात्यांच्या तोंडून ऐकला.

आण्णांची नोंदवही

माझे वडील, आण्णा, दहिवडीच्या मामलेदार कचेरीत कारकून होते. कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक बसवलेलं होतं. रोज सकाळी साडेआठ वाजता आण्णा त्याचं नरसाळं काढायचे, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचे आणि आकडा नोंदवहीत लिहायचे. तिथून तो साताऱ्याला आणि पुढे पुण्याला जायचा. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो आणि मोजपात्र धरायचा मान मला मिळायचा.

१९७२ साली मी दहा वर्षांचा होतो. त्या वर्षी मृग कोरडा गेला. मग एक सर आली, तेवढ्यावर माझे धाकटे काका, तात्या, यांनी बाजरी पेरली. उगवली आणि करपली. उसनं बी आणून त्यांनी दुबार पेरणी केली, तीही गेली. पंचांगात कुठल्या नक्षत्राचं वाहन बेडूक आहे आणि कुठल्याचं गाढव, हे तात्यांना तोंडपाठ होतं; पण त्या वर्षी एकही वाहन आमच्या वेशीत आलं नाही. एका संध्याकाळी ते ओट्यावर बसून म्हणाले, "आण्णा, तुमचं पुण्याचं हापिस काय म्हणतंय? येतंय का न्हाई पानी?"

आण्णांनी उत्तर दिलं नाही. त्यांच्याकडे ते नव्हतंच.

दिवाळीच्या आधी तात्यांनी बैलजोडी विकली. मग तात्या आणि काकू दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. त्या दुष्काळातली सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आपल्यापैकी माझ्या वयाच्या अनेकांना आठवत असेल. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला.

त्या दिवसांत मला आण्णांचा राग यायचा. तात्यांच्या हाताला घट्टे पडले होते, आणि आण्णा मात्र रोज सकाळी ती कोरडी बाटली काढून, उलटी करून बघायचे आणि वहीत "निरंक" असं लिहायचे. पानंच्या पानं निरंक. एकदा मी चिडून विचारलं, "पाऊस नाहीच, तर रोज कशाला लिहायचं?" आण्णा म्हणाले, "जागा कोरी सोडली तर वरच्यांना वाटंल, मी बघितलंच न्हाई. पाऊस पडला न्हाई, हे बी लिहावं लागतं."

तात्यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. तो किती जुना आहे आणि त्याच्या मागे किती माणसं लागली होती, हे मला निवृत्तीनंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं.

हॅलेचा नकाशा

मान्सून हा शब्द अरबी "मौसिम"वरून आला. मौसिम म्हणजे ठरलेला काळ, हंगाम. अरबी समुद्रात सहा महिने वारे एका दिशेने आणि सहा महिने उलट दिशेने वाहतात हे दर्यावर्दी लोकांना दोन हजार वर्षांपासून ठाऊक होतं. आपले कोळीबांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या लोटतात, त्यामागे तेच ज्ञान आहे. वारे कधी फिरतात हे माहीत होतं. का फिरतात हे नव्हतं.

त्याचं पहिलं शास्त्रीय उत्तर देणारा माणूस आमच्या दक्षिण-पूर्व लंडनमध्येच चिरनिद्रा घेतो आहे. ली या भागात सेंट मार्गारेट चर्चचं जुनं आवार आहे, तिथे एडमंड हॅलेची कबर आहे. धूमकेतूवाला हॅले तो हाच. मंडळाच्या कार्यक्रमाला जाताना मी अनेक वर्षं त्या बाजूने गाडी नेत होतो आणि मला याचा पत्ता नव्हता! १६८६ साली हॅलेने व्यापारी वारे आणि मान्सून वारे यांचा नकाशा प्रसिद्ध केला. जगातला हा पहिला हवामानाचा नकाशा मानला जातो. त्याचं म्हणणं असं: उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि ती जागा भरायला समुद्रावरून वारे धावतात. पुढे १७३५ साली जॉर्ज हॅडली या वकिलाने त्यात पृथ्वीच्या फिरण्याची भर घातली. फिरत्या पृथ्वीवर वारे सरळ न जाता वळतात, हे त्याने दाखवलं. आपण शाळेत जे शिकलो ते थोडक्यात हेच.

दुष्काळानंतरचं खातं

मुंबईत कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली. हेतू पावसाचा नव्हता, जहाजांना अचूक वेळ कळावी हा होता. १८४१ पासून तिथे हवामानाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. त्या काळात तिथे काम करणाऱ्यांमध्ये एक मराठी तरुण होता, केरो लक्ष्मण छत्रे. हेच पुढे गणितज्ञ केरूनाना छत्रे म्हणून नावाजले आणि डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळकांचे गुरू झाले. म्हणजे पावसाच्या नोंदवहीत मराठी हात अगदी सुरुवातीपासून आहे.

सबंध देशासाठी हवामान खातं निघालं ते मात्र संकटांमुळे. १८६४ साली कलकत्त्याला मोठं चक्रीवादळ झालं, १८६६ साली ओरिसात भीषण दुष्काळ पडला. १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख झाला. खातं नीट उभंही राहिलं नव्हतं तोच १८७६ ते १८७८चा दुष्काळ आला. दख्खनपासून मद्रासपर्यंत पसरलेल्या त्या दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसं मेली असा अंदाज आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने तेव्हा गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली, हे आपल्याला न्यायमूर्ती रानडे आणि सार्वजनिक काकांच्या चरित्रांतून माहीत आहे.

पाऊस नसला तरी नोंदी घेणं चालूच होतं, आणि त्यातून ब्लॅनफर्डला एक विचित्र गोष्ट दिसली. दुष्काळाच्या त्या काळात हवेचा दाब फक्त भारतात नव्हे, थेट ऑस्ट्रेलियापर्यंत नेहमीपेक्षा चढा होता. म्हणजे दुष्काळाचं कारण दख्खनमध्ये नव्हतंच, कुठेतरी दूर होतं. तो दुवा हाती धरून पुढे जाण्याइतकी साधनं त्याच्यापाशी नव्हती. हिमालयावर हिवाळ्यात बर्फ जास्त पडलं की पुढचा पावसाळा कमी, असा आडाखा त्याने बांधला आणि १८८६च्या जूनमध्ये देशासाठी मान्सूनचा पहिला अधिकृत अंदाज जाहीर केला.

त्याच्या जागी आलेल्या जॉन एलियटने अंदाजात आणखी अनेक गोष्टी धरल्या. १८९९ साली त्याने चांगल्या पावसाचं भाकीत केलं. त्या वर्षी पडला तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा सर्वांत भयानक दुष्काळ. त्यानंतर काही वर्षं खात्याचे अंदाज गोपनीय ठेवले गेले. चुकण्यापेक्षा न बोलणं बरं!

गणिती वॉकर

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर खात्याचा प्रमुख झाला. तो हवामानशास्त्रज्ञ नव्हता, केंब्रिजचा गणिती होता. आपले रँग्लर परांजपे १८९९ साली ज्या परीक्षेत सर्वप्रथम आले, त्याच परीक्षेत वॉकर दहा वर्षं आधी पहिला आला होता. कारणं शोधत बसण्याऐवजी त्याने आकडे शोधले. जगभरच्या ठाण्यांवरून हवेचा दाब, तापमान, पाऊस यांच्या जुन्या नोंदी मागवल्या आणि कशाचा कशाशी संबंध जुळतो हे तपासायला सुरुवात केली. तेव्हा संगणक नव्हते. त्याच्या हाताखालचे भारतीय कारकून वर्षानुवर्षं कागदावर ही गणितं करत होते.

त्या आकड्यांतून एक मोठं गूढ वर आलं. प्रशांत महासागराच्या पूर्व भागात दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि तिकडे उतरला की इकडे चढतो. हजारो मैलांवरची दोन पारडी, पण तराजू एकच. भारताच्या पावसाचं नशीब या तराजूला बांधलेलं होतं. १९२४ साली वॉकरने याला "सदर्न ऑसिलेशन", म्हणजे दक्षिणेकडचं आंदोलन, असं नाव दिलं. तो तराजू हलतो का, हे मात्र त्याला सांगता आलं नाही. त्याच वर्षी तो लंडनला परतून इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाला. साउथ केन्सिंग्टनला संग्रहालयं बघायला आपण मुलांना घेऊन जातो ना, ते कॉलेज तिथेच शेजारी आहे.

मागे हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून १९२८ साली पुण्याला हललं. पुण्यात राहिलेल्यांनी "सिमला ऑफिस" हा बसथांबा हजारदा ऐकला असेल आणि शिवाजीनगरात सिमला कुठून आलं असा विचारही केला नसेल. तात्या ज्याला "पुण्याचं हापिस" म्हणायचे ते हेच.

पेरूचे कोळी

वॉकरच्या शोधाकडे पुढची चाळीसएक वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९५८ साली तो वारला. मग १९६९ साली याकोब ब्यर्कनेस या नॉर्वेत वाढलेल्या, अमेरिकेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने कोडं जुळवलं. वॉकर हवेकडे बघत होता. ब्यर्कनेसने तिच्याखालच्या समुद्राकडे पाहिलं.

दक्षिण अमेरिकेत पेरू देशाच्या किनाऱ्याला एरवी थंड पाणी असतं. व्यापारी वारे वरचं कोमट पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाकडे ढकलतात आणि त्याच्या जागी खोलातलं थंड, सकस पाणी वर येतं. त्यावर अँकोव्ही नावाची छोटी मासळी अमाप वाढते. काही वर्षांनी एकदा हे वारे मंदावतात आणि कोमट पाणी पेरूकडे परत पसरतं. हे नाताळच्या सुमाराला जाणवतं म्हणून तिथल्या कोळ्यांनी त्याला बाळ येशूवरून "एल निनो" म्हटलं. कोमट पाणी पूर्वेला सरकलं की त्याच्यावर उठणारे ढग आणि पाऊसही पूर्वेला सरकतात. वर गेलेली हवा कुठेतरी खाली यायला हवी. ती आपल्या बाजूला खाली येते. आणि खाली उतरणारी हवा ढगांना काय करते ते आपण महाबळेश्वरच्या पलीकडे पाहिलंच आहे. फरक एवढाच की इथे सबंध देशच पर्जन्यछायेत सापडतो.

हे वाचताना मी वर्षांची यादी पाहिली आणि थांबलो. त्या यादीत १८७७ होतं. आणि १९७२ होतं.

१९७२ साली भारतात सरासरीच्या सुमारे पाऊणपटच मोसमी पाऊस झाला. त्याच वर्षी पेरूची मासेमारी कोसळली. १९७० साली सव्वा कोटी टनांच्या घरात असलेली अँकोव्हीची पकड १९७३ साली वीस लाख टनांच्या आसपास आली. अतोनात मासेमारी हे त्याचं एक कारण होतं, एल निनो हे दुसरं. ज्या दिवसांत आमचे तात्या ओट्यावर बसून आभाळाकडे बघत होते, त्याच दिवसांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कुणी कोळी रिकामं जाळं ओढून समुद्राकडे बघत असेल. दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक नव्हतं. दोघांचं दुःख मात्र एकाच समुद्रातून आलं होतं.

अजून न सुटलेलं

म्हणजे तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का? थोडंसं. १९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एल निनोसह सोळा घटक घेऊन अंदाजाचं नवं प्रारूप तयार केलं. ते बरीच वर्षं गाजलं. पण १९९७ साली शतकातला एक सर्वांत प्रबळ एल निनो असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला. उलट २००२ साली सरासरीइतक्या पावसाचा अंदाज असताना जुलै महिना जवळपास अर्धा कोरडा गेला आणि देशभर दुष्काळ पडला. त्यानंतर ते प्रारूप बदललं गेलं. हिंदी महासागराचं स्वतःचंही एक आंदोलन आहे, त्याच्या पश्चिम आणि पूर्व भागांत तापमानाचा झोका चालतो, हे १९९९ साली जपानमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. आता पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत समुद्र आणि हवा यांचं एकत्र गणित महासंगणकावर मांडलं जातं.

हॅलेचं उत्तरही तपासावं लागलं. पुण्यात जन्मलेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी साध्या गोष्टीकडे लक्ष वेधलं. जमीन तापल्यामुळेच पाऊस येत असेल तर सर्वांत तापलेल्या मे महिन्यात तो यायला हवा, आणि ज्या वर्षी जमीन जास्त तापते त्या वर्षी तो जास्त पडायला हवा. प्रत्यक्षात दुष्काळी वर्षातच जमीन जास्त तापलेली असते. विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेला सरकतो आणि भारतावर येऊन बसतो, तोच आपला मान्सून, अशी मांडणी त्यांनी पुढे नेली. तीनशे वर्षं पुस्तकात असलेली गोष्टसुद्धा अपुरी ठरू शकते.

या सगळ्यांना, ब्लॅनफर्डला, वॉकरला, ब्यर्कनेसला, गोवारीकरांना आणि गाडगीळांना, एक गोष्ट हाताशी हवी होती: जुन्या नोंदी. त्या कुणी मोठ्या माणसांनी घेतल्या नव्हत्या. कचेऱ्यांमधल्या, बंदरांमधल्या, रेल्वे स्टेशनांवरच्या कारकुनांनी घेतल्या होत्या. दुष्काळ ओळखायचा तर त्यांतली निरंकच जास्त कामाची. हे मला आण्णा असताना कळलं असतं तर मी त्यांना तसं सांगितलं असतं. ते आणि तात्या दोघंही आता नाहीत.

नातीचा गृहपाठ दोन आठवड्यांनी पुरा झाला. तिने तक्ता दाखवायला आणला. रोजच्या पावसाचे आकडे नीट लिहिले होते, पण मधल्या चार चौकोनांत काहीच नव्हतं.

"इथे काय झालं?" मी विचारलं.

"त्या दिवशी पाऊस पडलाच नाही, आजोबा."

"बाटली बघितली होतीस?"

"हो, रोज."

"मग तिथे शून्य लिही," मी म्हटलं, आणि तिला आण्णांची गोष्ट सांगायला बसलो.